कैदखाना, वन कार्यालय, संग्रहालय

जबलपूरला पोस्टिंग आली की फौजी माणूस सदर बाजार, ग्वारीघाट, भेडाघाट एवढं पाहतो आणि पुढच्या मूव्ह ऑर्डरची वाट बघतो. शहरातली एक जुनी बैठी इमारत मात्र आपण फौजींनी मुद्दाम पाहावी अशी आहे. १८५७ साली गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इथे कैदेत ठेवलं होतं. पुढे तिथे वन खात्याचं कार्यालय थाटलं गेलं. दुरुस्तीनंतर आता तिथे दोघांच्या नावाचं संग्रहालय आहे. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, त्याचं उद्घाटन झालं.

जुन्या वास्तूचं रूपांतर करताना पहिला मोह होतो तो सिमेंट थापण्याचा. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. छावणीतल्या जुन्या बंगल्यांत राहिलेल्यांना हे सांगायला नको. दर पावसाळ्यानंतर एमईएसकडे तक्रार ठरलेलीच! इथे जुनी बांधणी जपून आतली सजावट केली आहे, हे मला फार आवडलं. दालनांतून गोंड संस्कृती, राजदरबार, १८५७ चे प्रसंग येतात. होलोग्रामचा झगमगाट मला थोडा जास्त वाटला. मुलं मात्र तिथेच खिळतात, तेव्हा माझी तक्रार मागे घेतो.

खरी गोष्ट आहे सप्टेंबर १८५७ ची. नागपूरकर भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. छावणीत बंगाल फौजेची ५२ वी नेटिव्ह इन्फंट्री होती. राजाचं पलटणीतल्या शिपायांशी संधान असल्याच्या संशयावरून १४ सप्टेंबरला बापलेकांना पकडलं. झडतीत देवीची प्रार्थना करणारी, शत्रूचा संहार माग अशी विनवणी करणारी कविता सापडली. तोच पुरावा ठरला. १८ सप्टेंबरला दोघांना तोफांच्या तोंडी बांधून उडवलं.

पलटणीवर दहशत बसावी हाच त्यामागचा हिशेब होता. पण त्याच रात्री ५२ वी पलटण जवळजवळ सगळी छावणी सोडून निघून गेली.

संग्रहालयात या पलटणीलाही जागा दिली आहे, आणि सजावटकारांचे मला सर्वांत जास्त आभार मानावेसे वाटतात ते यासाठी. आपल्या मेसच्या भिंतींवर चांदीचे कप, शिंगं, जुन्या कमांडंटची तैलचित्रं असतात. जिंकलेल्या लढायांची नावं असतात. हुकूम मोडून गेलेल्या पलटणीचं चित्र कुठल्या मेसमध्ये लावणार? बंगाल फौजेतल्या बंड केलेल्या बहुतेक पलटणींप्रमाणे ५२ वीही नंतर उभी राहिली नाही, त्यामुळे तिची मेस नाही, तिचा रेझिंग डे नाही. तिच्या नावाची भिंत आहे ती या जुन्या कैदखान्यात.