व्हिडिओ-संपादनासाठी लॅपटॉप : निवडीचा क्रम

व्हिडिओ-संपादन म्हणजे चित्रित फुटेज टाइमलाइनवर कापणे, जुळवणे, त्यावर रंगसंस्कार करणे आणि त्यातून एक अंतिम फाइल सिद्ध करणे, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. यात यंत्राला चार क्रिया कराव्या लागतात : (१) फाइल वाचणे, (२) संकुचित चित्र उलगडणे, म्हणजे डिकोडिंग, (३) त्यावर संस्कार करणे, (४) पुन्हा संकोचन करून एक्सपोर्ट करणे. कापण्याचे काम पहिल्या तीन क्रियांवर चालते आणि त्यांपैकी जी सर्वांत मंद, तिच्यावर त्याची गती ठरते. ती कोणती, हे बऱ्याच अंशी फुटेजच्या संकोचनावर अवलंबून असते. म्हणून निवडीचा आरंभ फुटेजपासून करावा.

संकोचन दोन प्रकारचे. प्रोरेससारख्या पहिल्या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते. एच.२६४ व एचईव्हीसी या दुसऱ्या प्रकारात, कॅमेरे सामान्यतः ज्या रीतीने चित्रण करतात तीत, मोजक्याच फ्रेम पूर्ण नोंदल्या जातात आणि उरलेल्यांत शेजारच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा असतो. कर्सर अशा मधल्या फ्रेमवर थांबवला की यंत्र मागची पूर्ण फ्रेम शोधते, तेथपासून अवलंबित फ्रेम क्रमाने उलगडते आणि मग ते एक चित्र दाखवते. कर्सर उलट सरकवला तर हा खटाटोप पुन्हा पुन्हा होतो. सलग पाहताना सुरळीत चालणारे फुटेज कापताना अडखळते, ते यामुळे.

हा भार चिपमधील स्वतंत्र डिकोडर उचलतो. मात्र रंगाची खोली (८ किंवा १० बिट) आणि रंगमाहितीचे प्रमाण (४:२:० किंवा ४:२:२) यांनुसार पडणारा प्रत्येक उपप्रकार त्याला उलगडता येत नाही. ८ बिट ४:२:० एच.२६४ जवळपास सर्वत्र चालते. अनेक मिररलेस कॅमेरे देतात ते १० बिट ४:२:२ एचईव्हीसी इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्सवर आणि ॲपलच्या एम-मालिकेवर उलगडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेचा डिकोडर ते उलगडत नाही. ५० मालिकेचा उलगडतो. महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊनही टाइमलाइन अडते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

तिसऱ्या क्रियेत स्मृतीचा प्रश्न येतो. फोरके चित्रात ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचे चार घटक ३२ बिट अचूकतेने हाताळले, तर एका फ्रेमला सुमारे १३३ एमबी लागतात. नॉइज रिडक्शनसारख्या संस्काराला अशा अनेक फ्रेम एकाच वेळी लागतात. म्हणून फोरके कामासाठी ३२ जीबी रॅम आणि स्वतंत्र कार्ड असल्यास त्यावर ८ जीबी स्मृती, ही किमान मर्यादा धरणे योग्य. रॅम बोर्डवर पक्की जोडलेली असेल तर ती पुढे वाढवता येत नाही. हा निर्णय खरेदीच्या वेळीच करावा लागतो.

साठवणीत वेगापेक्षा क्षमता महत्त्वाची. सेकंदाला १०० मेगाबिटचे फुटेज तासाला ४५ जीबी घेते. सेकंदाला २५ फ्रेमचे फोरके प्रोरेस ४२२ एचक्यू सुमारे ३३२ जीबी. दोन्ही एनव्हीएमई एसएसडीच्या वेगाच्या आवाक्यात आहेत, पण अशा प्रोरेसचे दोन तासही ५१२ जीबीच्या डिस्कवर मावत नाहीत.

उष्णतेचा विचार लॅपटॉपपुरता विशेष. यंत्र जेवढी उष्णता बाहेर टाकू शकते, तेवढीच वीज कार्डाला दिली जाते; म्हणून आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ ते ११५ वॅटपर्यंतच्या यंत्रांवर असते. नाव सारखे असले तरी काम सारखे होत नाही. शेवटी पडदा : त्याने एसआरजीबी हा प्रमाण रंगपट शंभर टक्के दाखवावा. ४५ टक्के एनटीएससी एवढीच रंगव्याप्ती असलेल्या पॅनेलवर रंगसंस्काराचा निर्णय करू नये.

खरेदीपूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. हाताशी असलेल्या लॅपटॉपवर फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे उलगडायला सोप्या अशा लहान प्रतिकृती, तयार करून कापून पाहावे. काम सुरळीत झाले, तर अडचण बहुधा डिकोडिंगची होती आणि नवे यंत्र तूर्त घेऊ नये.