‘वेडाचे एक पान’ : एका जपानी मूकपटाचा पुनरुद्धार आणि मूळ प्रतीचा प्रश्न

१

प्राचीन ग्रंथाचा अभ्यास करणारा पंडित हाती आलेली पहिलीच पोथी प्रमाण मानून चालत नाही. पोथी कोणी, केव्हा व कशावरून उतरवून घेतली, तिच्यात कोणती पाने गळाली आहेत, मागाहून कोणाचा हात फिरला आहे, ह्याची छाननी झाल्यावाचून तो अर्थाकडे वळत नाही. चित्रपटाच्या अभ्यासात मात्र ही शिस्त अद्याप पुरती रुजलेली दिसत नाही. घरच्या पडद्यावर तबकडी लावून पाहिलेला चित्रपट म्हणजेच मूळ कृती, असे सहज गृहीत धरले जाते. ह्या समजुतीने कोणता घोटाळा होतो, ते किनुगासा तेइनोसुके ह्यांच्या ‘कुरुत्ता इप्पेजी’ म्हणजे ‘वेडाचे एक पान’ (१९२६) ह्या मूकपटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२

किनुगासा (१८९६–१९८२) हे प्रथम स्त्रीभूमिका करणारे नट म्हणून चित्रपटसृष्टीत आले व पुढे दिग्दर्शक झाले. १९२६ मध्ये त्यांनी व्यापारी कंपन्यांच्या चाकोरीबाहेर पडून स्वतंत्रपणे चित्रपट काढण्याचे धाडस केले. ह्या कामी त्यांना ‘नव-संवेदनावादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुण लेखकांचे साह्य लाभले. योकोमित्सु रिइची, काताओका तेप्पेइ आणि कावाबाता यासुनारी हे त्या गटातील प्रमुख होत. १९६८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कावाबाता त्या वेळी अवघे सत्तावीस वर्षांचे होते. चित्रपटाची कथा त्यांच्या नावावर आहे. चित्रीकरण क्योतो येथील शिमोकामो चित्रशाळेत झाले. दिव्यांची संख्या अपुरी असल्यामुळे उजेड परावर्तित व्हावा म्हणून भिंतींना रुपेरी रंग देण्यात आला, असे सांगितले जाते. छायालेखन सुगियामा कोहेइ ह्यांचे होते. पुढे ‘गोजिरा’ (१९५४) ह्या चित्रपटातील चमत्कृतिदृश्यांमुळे जगप्रसिद्ध झालेले त्सुबुराया एइजी हे त्यांचे साहाय्यक होते.

कथानक थोडक्यात असे : एक वृद्ध खलाशी वेड्यांच्या इस्पितळात नोकर म्हणून राहतो, कारण त्याची पत्नी तेथे रुग्ण आहे आणि तिच्या ह्या अवस्थेस आपणच कारण झालो, ही जाणीव त्याला छळीत आहे. मुलीचे लग्न ठरत असते. आईचे वेड उघडकीस आले तर ते मोडेल, ही तिची धास्ती. सोडतीत कप्प्यांचे कपाट जिंकून ते आपण मुलीला आहेर म्हणून देत आहोत, असे दिवास्वप्न तो पाहतो. अखेरीस तो कल्पनेनेच रुग्णांच्या मुखांवर हसरे मुखवटे चढवतो. तथापि हा सारा वृत्तांत सरळ सांगितलेला नाही. मुसळधार पाऊस, नाचणारी वेडी, गजांची जाळी, एकावर एक छापलेली चित्रे ह्यांतून तो प्रेक्षकाने जुळवावयाचा आहे. मध्ये मजकुराची एकही पाटी नाही.

३

१९२६ च्या सप्टेंबरात तोकियोतील शिंजुकु भागातल्या मुसाशिनोकान ह्या चित्रगृहात तो दाखविण्यात आला. त्यानंतर त्याच्या प्रती नाहीशा झाल्या. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म, चित्रपट हा क्षणिक माल आहे ही व्यापारी दृष्टी, आणि महायुद्धातील बॉम्बवर्षाव ह्यांमुळे जपानचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. हाही त्यांतलाच एक, अशी समजूत होती. किनुगासांची कीर्ती पुढे ‘जुजिरो’ (१९२८) आणि १९५४ मध्ये कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळविणाऱ्या ‘जिगोकुमोन’ (१९५३) ह्या चित्रपटांवर राहिली. १९७१ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी, हरवलेला चित्रपट खुद्द दिग्दर्शकाच्याच कोठारात सापडला.

येथपर्यंतची हकीकत एखाद्या कादंबरीस शोभण्याजोगी असून ती पुनःपुन्हा सांगितली जाते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न ह्यापुढेच सुरू होतो. किनुगासांनी सापडलेली प्रत जशीच्या तशी जतन करून तेवढ्यावर काम थांबविले नाही. तिला मुराओका मिनोरू व कुराशिमा तोरू ह्यांचे नवे संगीत जोडून त्यांनी तिची ध्वनियुक्त आवृत्ती प्रसृत केली. ध्वनिपट सेकंदास २४ चित्रांच्या गतीने चालतो; मूकपटाची गती सामान्यतः त्याहून मंद असे. ह्या आवृत्तीत चित्रपट सुमारे ५९ मिनिटांत संपतो. तीच फिल्म सेकंदास १८ चित्रांच्या गतीने चालविल्यास सुमारे ७९ मिनिटे लागतील. म्हणजे एका चित्रालाही हात न लावता नुसत्या गतीच्या फरकाने नर्तकीच्या हालचालींची लय आणि वृद्धाच्या चालीतील जडपणा बदलतो.

शिवाय आज उपलब्ध असलेली फिल्म १९२६ मध्ये दाखविलेल्या फिल्मपेक्षा जवळजवळ एकतृतीयांशाने कमी आहे. छापील कथेत व समकालीन लेखनात ज्या प्रसंगांचा निर्देश आढळतो त्यांपैकी काही आज दिसत नाहीत. ह्या चित्रपटावर २००८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे अॅरन गेरो ह्यांच्या संशोधनामुळे ह्या प्रश्नाचे महत्त्व विशेष लक्षात आले. गळालेला भाग काळाने नेला, की सत्तरीतील दिग्दर्शकाने आपल्या तिशीतील कृतीचे संपादन केले? दुसरी शक्यता खरी मानल्यास निष्कर्ष गंभीर आहे. कौटुंबिक कथेचे दुवे गळाले म्हणजे उरलेली कृती अधिक दुर्बोध आणि म्हणूनच अधिक ‘प्रायोगिक’ भासते. १९२६ च्या प्रयोगशीलतेचा पुरावा म्हणून जे दाखविले जाते, त्याचा काही अंश १९७१ नंतरचा असू शकेल.

ह्याच संदर्भात पाट्यांच्या अभावाचाही पुनर्विचार करावा लागतो. शब्दांवाचून केवळ दृश्याने बोलणारा चित्रपट म्हणून ह्या कृतीचा गौरव होतो. पण त्या काळी जपानी चित्रगृहात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ म्हणजे निवेदक उभा असे. तो कथा सांगे, पात्रांचे संवाद बोले. मुसाशिनोकानमध्ये हे काम तोकुगावा मुसेइ ह्या नामांकित बेन्शीने केले. तेव्हा पडद्यावर शब्द नव्हते, प्रेक्षागृहात मात्र होते. आजचा निःशब्द ‘वेडाचे एक पान’ हा त्या दिवशीच्या प्रेक्षकाने पाहिलेलाच नव्हता.

४

गृहचित्रफितीचा व तबकडीचा इतिहास ह्या गुंतागुंतीत आणखी एक थर चढवितो. पूर्वी दूरदर्शन प्रक्षेपणावरून व फितीवरून फीत उतरवून हा चित्रपट अभ्यासकांत फिरे. प्रत्येक नकलेगणिक करड्या छटा पुसट होत, आणि ज्या कृतीचे मर्मच एकमेकांवर छापलेल्या चित्रांत आहे तिचे त्यामुळे विशेष नुकसान होई. ब्लू-रे तबकडीमुळे ह्या छटा पुष्कळ प्रमाणात परत मिळाल्या. अमेरिकेतील फ्लिकर अॅली ह्या संस्थेच्या आवृत्तीस अलॉय ऑर्केस्ट्राचे संगीत आहे. म्हणजे किनुगासांच्या संगीतापासूनही ही आवृत्ती वेगळी होते.

तांत्रिक तडजोडीही लक्षात घ्याव्या लागतात. तबकडी सेकंदास २४ चित्रांनी चालत असल्यास १८ चित्रांची गती दाखविण्यासाठी दर तीन चित्रांमागे एकाची पुनरावृत्ती करावी लागते. ओरखडे काढून टाकणाऱ्या संगणकीय प्रक्रियेस फिल्मवरील उभी रेघ आणि पावसाची धार ह्यांतील भेद आपण होऊन कळत नाही. ज्या चित्रपटाचा आरंभच पावसाने होतो, तेथे स्वच्छतेचा अतिरेक म्हणजे मूळ पाठ खोडणे होय. अशा ठिकाणी यंत्रावर डोळस माणसाची देखरेख हवी.

५

ह्यावरून तबकडीवरील आवृत्त्या त्याज्य होत, असा अर्थ निघत नाही. त्यांच्यावाचून तोकियो किंवा रॉचेस्टर येथील संग्रहालयांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यास ही कृती दिसलीच नसती. तथापि पुनरुद्धार म्हणजे गतकाळ जसाच्या तसा परत आणणे नव्हे. उपलब्ध अवशेषांवरून केलेले ते संपादन असते, आणि प्रत्येक संपादकाप्रमाणे त्यालाही आपली साधने जाहीर करण्याचे बंधन आहे. कोणत्या फिल्मवरून नक्कल घेतली, गती कोणती ठेवली, संगीत केव्हाचे, काय काढले व काय राखले, एवढे तरी तबकडीबरोबर नमूद झाले पाहिजे. अभ्यासकानेही निष्कर्ष मांडताना १९२६ चा प्रयोग, १९७० च्या दशकातील दिग्दर्शकाची आवृत्ती आणि आपल्यासमोरची तबकडी ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. चित्रपटातील वृद्ध वेड्यांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे चढवितो. ते मुखवटे आहेत हे प्रेक्षक विसरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकानेही पुनरुद्धाराकडे तसेच पाहावे.