सोंगाची अब्रू

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरीसाठी उठलो, तर भाचा संगणकापुढे जागाच. शिकायला आमच्याकडे असतो, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. कानाला हेडफोन लावून कुणाला तरी अजिजीनं सांगत होता, "मी साधा डॉक्टर आहे. बंदूक खाली करा, तुमच्या माणसाची जखम बांधून देतो." मी विचारलं, "कोण जखमी झालं रे?" तो कुजबुजला, "मामू, थांबा जरा. आत्ता मी मी नाहीये."

मी पडलो कवितेचा माणूस. या वाक्यानं झोपच उडाली. सहरी करता करता त्यानं समजावलं. 'डे-झी' नावाचा खेळ. न्यूझीलंडच्या डीन हॉलनं २०१२ मध्ये तो एका युद्धाच्या खेळाला जोड म्हणून काढला. हॉल सैन्यात होता. ब्रुनेईच्या जंगलातल्या प्रशिक्षणात झालेले हाल त्याच्या डोक्यात होते. उजाड मुलूख, चालती मढी, भूक, तहान, थंडी. मेलं की जमवलेलं सगळं गेलं. पण खरी भीती मढ्यांची नव्हतीच. समोरून येणारा दुसरा खेळाडू डब्यातल्या चार घासांसाठी दिसताक्षणी गोळी घालायचा. त्याला कंटाळलेल्यांनी आपले वेगळे सर्व्हर थाटले, जणू वेगळी गावंच वसवली. तिथं प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं. डॉक्टर, शेतकरी, अगदी लुटारूसुद्धा. आणि नियम पाळायचे. कारणावाचून मारायचं नाही. कुणी बंदूक रोखली तर घाबरायचं. जीव खोटा असला तरी खरा मानायचा. खेळाबाहेर कळलेली गोष्ट खेळात वापरायची नाही. नियम मोडला तर गावाबाहेर.

भाच्याला वाटलं, हे मला नवीन. पण मित्रहो, हे नियम आमच्या नगरात दारावर चालत यायचे.

१९८० च्या आसपासची गोष्ट सांगतो. वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. सुगी सरली की बहुरूपी यायचा. खाकी डगला, काजळाची मिशी, बगलेत वही. दुकानापुढं उभा राहून दरडावायचा, "मियाँ, एका सदऱ्याला दिवसभरात सहाशे वेळा सुई भोसकल्याची तक्रार आहे. वॉरंट आणलंय!" वडील हातातली कात्री टाकून दोन्ही हात वर करायचे. "साहेब, पदरात पोरं आहेत, एवढी बार माफ करा." सगळी गल्ली हसायची, पण वडील हसायचे नाहीत. एकदा मी ओरडलो, "अब्बा, हा तर कालचा जोशीच आहे!" कानाखाली बसली. तेव्हा कळलं नाही मी काय मोडलं ते.

त्यालाही बंधनं होती. उंबरा ओलांडायचा नाही. सुतक असलेल्या घरी सोंग करायचं नाही. चहाच्या टपरीवर त्याला गावाची सगळी लफडी कळत, पण वॉरंटात कधी कुणाचं खरं कर्ज, खरं भांडण यायचं नाही. शेजारची मुलगी सासरहून कायमची परतली होती, तर त्या दारी लग्नाच्या आमंत्रणाचं सोंग त्यानं केलं नाही.

लोककथेतला बहुरूपी याच्याही पुढचा. साधूचं सोंग आणलं असताना राजानं मोहरांचं ताट पुढं केलं, त्यानं लाथाडलं. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत येऊन बक्षीस मागितलं. काल का घेतलं नाहीस? तर साधूनं धन कसं घ्यावं! सोंगाची अब्रू ती हीच.

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक हे वेषांतरात तरबेज होते असं परंपरा सांगते. कला तीच, पण हेर ओळखू आला की संपला. बहुरूप्याला मात्र ओळखू यावंच लागतं. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं कलम १७१ सुद्धा नुसत्या सरकारी गणवेशावर थांबत नव्हतं. लोकांनी खरं मानावं हा हेतूही पाहत होतं. पण मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं गाणं, नाच, खेळ करून मागणंही भिक्षेतच मोजलं. म्हणजे ज्याला आम्ही बक्षीस म्हणायचो, ती कायद्यानं भीक झाली.

आणि मग गावंही नियम विसरली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. ते बहुरूपी नव्हते, पण परंपरेनं दारोदार मागत फिरणारेच होते. भाच्याच्या खेळात अनोळखी माणसाला मारण्याआधी कारण लागतं. हे त्याला सांगितलं, तर त्यानं हेडफोन काढून ठेवला.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीच्या फाटकाशी एक बहुरूपी आला. तोच खाकी डगला, तीच वही. रखवालदारानं अडवण्याआधीच त्यानं खिशातून आधार कार्ड काढून दाखवलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग कार्ड नीट खिशात ठेवलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळून दरडावला, "वॉरंट आहे!"

मी हात वर केले.