वन्यजीव न्यायवैद्यक : डीएनए परीक्षणाचे वर्गशिक्षण

शिकार, जप्त मांस किंवा वाघाचा हल्ला यांच्या तपासासाठी जैविक नमुन्यातील डीएनए ओळखण्याचे शिक्षण. चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस आणि वाघ एकाच जंगलात वावरतात. इथे ते शाळेपासूनच हवे.

आरंभ कांद्याने होतो. वाटलेल्या कांद्यात मीठ व भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळून गाळतात, वर थंडगार स्पिरिट अलगद सोडतात. दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू दिसतात. एवढ्यावरून ओळख पटत नाही, हे मुलांना तिथेच सांगावे. त्यासाठी पीसीआर या तंत्राने डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात : प्रजातीसाठी तंतुकणिकेतील सायटोक्रोम-बी जनुक, विशिष्ट वाघासाठी केंद्रकातील डीएनएमधल्या सूक्ष्म पुनरावृत्ती. माणसाच्या डीएनए ठशांचे तंत्र ॲलेक जेफ्रीज यांचे (१९८४). भारतात ते लालजी सिंग यांनी हैदराबादेत रुजवले.

सर्वाधिक तास नमुना उचलण्याला द्यावेत, कारण बिघडलेला नमुना कोणतीच प्रयोगशाळा सुधारू शकत नाही. चाव्याभोवतीची लाळ निर्जंतुक बोळ्याने टिपून सावलीत सुकवतात, कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते, डीएनए तुटतो. विष्ठेचा बाहेरचा थर घेतात, आतड्याच्या पेशी तिथेच असतात. पाकिटावर ठिकाण, वेळ आणि सही नसेल, तर न्यायालयात पुरावा टिकणे अवघड.