बटव्यातली हळद आणि अमेरिकेतलं पेटंट

बाणगंगेकाठच्या आमच्या ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, पाठोपाठ वसाहत आणि दवाखाना. तरी घरोघरी आजीचा बटवा टिकून राहिला. वेखंड, सुंठ, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा सहाणेवर मोजके वेढे देऊन माझी आजी बाळगुटी उगाळायची. खोकल्याला अडुळसा, पोटदुखीला ओवा, जखमेवर हळद.

हे सारं तोंडी चालत आलेलं. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि जुन्या ग्रंथांबरोबर १९५३ चा एक भारतीय शोधनिबंधही पुराव्यात ठेवला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ज्ञान आपलंच होतं, पण ते सिद्ध करायला लिहिलेला कागद लागला. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह सुरू झाला.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून प्रत्येक औषधाची मात्रा आणि पथ्य आजच लिहून घ्या. मात्र दुखणं अंगावर काढू नका. तान्ह्या बाळाला काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा.