वेळापत्रकाबाहेरचा पॅच आणि न्हावा शेवा

आपल्या सातारा-सांगलीकडं कॅनॉलचं पाणी पाळीनं सुटतं. पीक वाळायला लागलं की मधेच जादा पाण्याची मागणी होते. संगणकाच्या दुरुस्त्यांचंही तसंच. पूर्वी पॅच कधीही यायचे आणि संगणक सांभाळणारे वैतागायचे. म्हणून मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २००३ पासून पाळी लावली: महिन्याचा दुसरा मंगळवार, आपल्याकडं रात्री उशिरा. पाळी सोडून जो तातडीचा पॅच येतो, तो ‘आउट-ऑफ-बँड’.

आता २०१७ साल बघा. फेब्रुवारीची पाळी कंपनीनं पुढं ढकलली. १४ मार्चला पॅच आला, त्यात विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं मोठं भोक बुजवलं होतं. बरोबर महिन्यानं, १४ एप्रिलला, त्याच भोकातून शिरायचं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. १२ मेला त्यावर स्वार होऊन वॉनाक्राय जगभर पसरला. तेव्हा कुठं कंपनीनं विंडोज एक्सपीसाठी तातडीचा पॅच सोडला. एक्सपीचा सांभाळ खरं तर एप्रिल २०१४ मध्येच थांबला होता! म्हणजे बंद चारीला पाणी सोडावं तसं.

पण पाणी सुटलं म्हणजे शेतात पोचलं असं नव्हे. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला. अपडेट म्हटलं की माणसं का कचरतात, ते यावरून कळतं. शिवाय तो पासवर्डही चोरायचा. त्यामुळं जाळ्यातलं एखादं यंत्र पॅचविना राहिलं, तरी पॅच लावलेली यंत्रंही त्याच्या तावडीत सापडायची.

मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्या समूहाचं टर्मिनल आपल्या न्हावा शेवाला आहे. तिथली यंत्रणा बंद पडली, कामं हातानं करावी लागली, ट्रकांच्या रांगा लागल्या. मर्स्कनं पुढं सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

तासगाव-मिरजेकडची निर्यातीची द्राक्षं गारठ्याच्या कंटेनरमधून याच बंदरावरून युरोपला जातात. जूनअखेर मात्र आपल्या बागा खरड छाटणी उरकून नव्या काड्यांवर होत्या, माल कधीच गेला होता. फेब्रुवारीत हे घडलं असतं, तर त्या रांगेत आपले कंटेनर असते.