तेल दाट म्हणजे शुद्ध? मिश्र खाद्यतेलाच्या 'दाटपणा'मागचं विज्ञान

'तेल दाट असेल तर शुद्ध, पातळ असेल तर भेसळ' असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पण तेलाच्या धारेकडे पाहून खरंच शुद्धता कळते का?

श्यानता म्हणजे काय?

द्रवाच्या वाहण्याला त्याच्या आतूनच होणाऱ्या विरोधाला श्यानता म्हणतात. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता साधारण 1 मिलिपास्कल-सेकंद असते, तर स्वयंपाकाच्या बहुतेक तेलांची 60 ते 80. एरंडेल मात्र 1000 च्या आसपास जातं.

केचप बाटली हलवल्यावर पातळ होतं, तसं तेलाचं होत नाही. जोरात ढवळा किंवा हळू, त्याची श्यानता तीच राहते. ती बदलते तापमानाने. 20 वरून 40 अंशांवर गेलं की ती जवळपास निम्मी होते. म्हणूनच एकच तेल डिसेंबरच्या सकाळी दाट आणि मे महिन्यात पातळ वाटतं.

तेलातेलात फरक का?

तेलाचे रेणू मेदाम्लांच्या लांब साखळ्यांपासून बनतात. सूर्यफूल तेलातल्या बऱ्याच साखळ्या एकाहून जास्त ठिकाणी वाकलेल्या असतात. त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत, त्यामुळे हे तेल थोडं पातळ असतं. शेंगदाणा तेलात असे वाक कमी असतात, म्हणून ते थोडं दाट. रिफाइंड करताना तेलाचा रंग, वास आणि चिकट घटक काढले जातात, पण या साखळ्या त्याच राहतात. त्यामुळे घाण्याचं आणि रिफाइंड शेंगदाणा तेल यांच्या श्यानतेत फार मोठा फरक नसतो.

दोन तेलं मिसळली की?

मिश्रणाची श्यानता दोन्ही तेलांच्या मधे कुठेतरी येते, पण अगदी सरासरीवर नाही. ती पातळ तेलाकडे झुकते. समजा, 50 आणि 70 श्यानतेची तेलं निम्मी-निम्मी मिसळली. साधी सरासरी 60 येते, पण मिश्रणासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने उत्तर 59 येतं. हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण 1000 आणि 60 श्यानतेचे द्रव घेतले, तर सरासरी 530 असताना सूत्राचं उत्तर 245 च्या आसपास येतं.

मग भेसळ ओळखता येते का?

दाटपणावरून नाही. शेंगदाणा तेल आणि पामोलिन यांची श्यानता इतकी जवळची असते की एकात दुसरं मिसळलेलं धारेवरून कळत नाही. फ्रीजमध्ये ठेवून पाहण्याचा उपायही फसवा आहे. थंडीत पामोलिन गढूळ होतं, तसंच शुद्ध शेंगदाणा तेलही होतं.

याचा धोका 1998 मध्ये दिल्लीत दिसला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि 'ड्रॉप्सी'च्या साथीत 60 हून अधिक लोकांचा जीव गेला. हे विषारी तेल थोडंसं मिसळलं तरी घातक ठरतं, आणि तेवढ्याने दाटपणा बदलत नाही. अशी भेसळ प्रयोगशाळेतच पकडता येते.

मिश्र तेल घेताना काय पाहाल?

सगळंच मिश्र तेल म्हणजे भेसळ नव्हे. नियमानुसार दोन खाद्यतेलं मिसळून विकता येतात, पण प्रत्येकाचं प्रमाण किमान 20 टक्के हवं. मोहरीच्या तेलात मिश्रण करायला मात्र 8 जून 2021 पासून बंदी आहे. म्हणून:

- सीलबंद पाकीटच घ्या, सुटं तेल टाळा.
- कोणती तेलं किती टक्के आहेत, ते लेबलवर वाचा.
- अ‍ॅगमार्कचं चिन्ह तपासा.

दाटपणा कुठे उपयोगी पडतो?

तळणीच्या तेलात. कढईत तापल्यावर सगळीच तेलं पातळ होतात आणि त्यांच्यातला फरक जवळपास संपतो. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेल दाट, काळपट, फेसाळ होतं. अशा तेलातले 'ध्रुवीय घटक' 25 टक्क्यांहून जास्त झाले तर ते वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे.

थोडक्यात, नव्या तेलाची पारख लेबल वाचून करा. तळणीचं तेल थंड झाल्यावर पहिल्यापेक्षा दाट वाटू लागलं, तर मात्र ते टाकून द्या.